प्रकरण चौदा : दोन की तीन

शनिवारी दुपारी तीन वाजता वहिनींनी लॅबचं शटर अर्ध्यावर ओढलं, तेही एकट्या उजव्या हाताने. डावा हात गेले तीन आठवडे रजेवर होता आणि ही रजा घरात कुणाच्या लक्षात आलेली नव्हती. रोज अनोळखी माणसांच्या शरीराचे तुकडे भिंगाखाली घालून त्यातले बारकावे काढणारी ही मंडळी. पण आपल्याच घरातली बाई चहाचा ट्रे सोडून एकेक कप का आणते, हा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडला नव्हता. वहिनींना आधी याचा राग आला. मग गंमत वाटायला लागली. आणि आज तर त्या गमतीवरच त्यांचा सगळा डाव उभा होता.

आतल्या खोलीत आखाड्याची तयारी चालली होती. हे नावही त्यांनीच ठेवलेलं. आठवड्याभरात ज्या स्लाइडवर दुमत होण्यासारखं असेल, किंवा बाहेरच्या हॉस्पिटलांनी ज्यांवर दुसरं मत मागितलं असेल, त्या स्लाइड शनिवारी लाकडी ट्रेमध्ये लावायच्या. नाव नाही, फक्त नंबर, वय आणि शरीराचा भाग. ज्याने त्याने आपापल्या मायक्रोस्कोपवर बघायचं, एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही, मत चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. डबा वहिनींनी उघडायचा. त्यानंतर मात्र ओरडायला, टेबल आपटायला आणि एकमेकांचं शिक्षण काढायला पूर्ण मोकळीक.

ही पद्धत भाऊजींनी घालून दिली होती, सोळा वर्षांपूर्वी, थोरला भाऊ गेल्यावर. वहिनींच्या नवऱ्याच्या पोटातला तुकडा तेव्हा याच लॅबमध्ये आला होता, नावासकट. भाऊजींनी तो स्वतः पाहिला, आणि जे दिसत होतं ते लिहायला त्यांचा हात धजला नाही. 'सूज असावी, पुन्हा तपासावे' असं त्यांनी लिहिलं. त्या 'पुन्हा'मध्ये चार महिने गेले. वहिनी त्यावरून दिराला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. भाऊजीही बोलले नाहीत. त्यांनी फक्त नावं झाकायला सुरुवात केली.

आज ट्रेच्या सातव्या खणात जी स्लाइड होती तिच्यावर '४१८, स्त्री, ६१, डावा स्तन' एवढंच लिहिलेलं होतं. ती स्लाइड वहिनींची होती.

तीन आठवड्यांपूर्वी त्या दहा दिवस 'बहिणीकडे' गेल्या होत्या. बहीण कटात सामील होती. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात, माहेरच्या नावाने कागद करून, त्यांनी गाठ काढून घेतली. गाठ दोन सेंटिमीटरची, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ, हार्मोनची तपासणीही त्यांच्या बाजूची. तिथल्या रिपोर्टात कॅन्सरचा ग्रेड, म्हणजे तो किती आक्रमक आहे त्याचा आकडा, दोन लिहिला होता, पण त्याला 'तीनच्या सीमेवर' असं शेपूट जोडलेलं होतं. सर्जनने चष्मा काढून सांगितलं, "दोन असेल तर तुमच्या बाबतीत रोजची गोळी पुरे. तीन असेल तर मी आधी केमो देईन. स्लाइड आणखी एका ठिकाणी दाखवून घ्या. मंडईच्या मागे एक घरगुती लॅब आहे. भांडकुदळ लोक आहेत, पण भांडून भांडून बरोबर उत्तरावर येतात. काउंटरवर एक बाई असते, फोनवर फार खडूस बोलते. तिच्याकडे लक्ष देऊ नका."

"नाही देणार," वहिनी म्हणाल्या होत्या.

दोन की तीन, एवढाच प्रश्न होता. केमो म्हणजे काय ते वहिनींनी लॅबच्या त्याच काउंटरच्या अलीकडून तीस वर्षं पाहिलं होतं. दर तीन आठवड्यांनी रक्त द्यायला येणाऱ्या बायका. पहिल्या खेपेला लिपस्टिक लावून येणाऱ्या, चौथ्या खेपेला खुर्चीवरून उठताना भिंतीचा आधार घेणाऱ्या. लागलीच तर त्या घेणार होत्या. पण 'लागते' हे सांगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत आपला चेहरा असता कामा नये, आणि 'लागत नाही' सांगणाऱ्याच्या डोळ्यांत तर मुळीच नाही.

"वहिनी, चहा आखाडा झाल्यावर," भाऊजी मान वर न करता म्हणाले. वडिलांच्या जुन्या मायक्रोस्कोपवर ते असे ओणवे झाले होते की दोघांचा आकार एकच वाटावा. "मागच्या खेपेला यकृतावर सांडला होता."

"तुम्ही सांडला होतात."

"कुणी सांडला ते मी कुठे म्हणतोय?"

खिडकीपाशी सून बसली होती. तिचा नवा मायक्रोस्कोप बुधवारीच आला होता. तो घ्यावा की नाही यावर घरात आठ महिने युद्ध चाललं होतं आणि भाऊजींनी अजून त्या यंत्राला 'तो डबा' याखेरीज नाव दिलेलं नव्हतं. कोपऱ्यात वहिनींचे चिरंजीव कॉम्प्युटरसमोर बसले होते. हा डॉक्टर नव्हे, आकड्यांचा माणूस. स्लाइडचे फोटो काढून त्यातल्या हजार गोष्टी मोजणारा आणि 'अशा बायकांचं पुढे काय होतं' ते सांगणारा प्रोग्रॅम त्याने लिहिला होता. भाऊजी त्याला 'ज्योतिषीबुवा' म्हणत. आणि मेणाच्या ठोकळ्यांतून केसाहून बारीक काप काढणाऱ्या नणंदबाई, म्हणजे वहिनींच्या वन्सं, स्टुलावर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. त्यांना आखाड्यात मत नव्हतं, त्यामुळे त्या सर्वांत जास्त बोलत.

सहा स्लाइड झाल्या. वहिनींनी सातवी उचलली आणि दिरापुढे ठेवली.

दिरासमोर मोठ्याने हसायचंसुद्धा नाही, अशा शिकवणीत त्या वाढल्या होत्या. आणि आता दीर त्यांच्या आतल्या पेशी चारशेपट मोठ्या करून निवांत न्याहाळत होते. वहिनींना एकदम हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं.

"औषध घ्या," भाऊजी म्हणाले.

"घेईन. काय घ्यायचं ते कळलं की घेईन."

भाऊजींच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. याचा अर्थ वहिनींना ठाऊक होता. ग्रेड तीन गोष्टींवर ठरतो: पेशी नीट नळ्या करून बसल्यात की कशाही पसरल्यात, त्यांची केंद्रकं किती वेडीवाकडी झालीत, आणि दुभंगत असलेल्या, म्हणजे एकाच्या दोन होत असलेल्या पेशी किती. प्रत्येकाला एक ते तीन गुण. बेरीज सहा-सात आली तर ग्रेड दोन, आठ-नऊ आली तर तीन. पहिल्या दोन गोष्टी नजरेच्या. तिसरी मोजायची: दहा ठिकाणी भिंग न्यायचं आणि दुभंगणाऱ्या पेशी मोजायच्या. अंगठा सात पेरं सरकला आणि थांबला. वहिनींनी श्वास सोडला. सात म्हणजे दोन गुण. तक्ता त्यांना पाठ होता: चारपर्यंत एक, नऊपर्यंत दोन, दहापासून पुढे तीन.

मग स्लाइड सुनेकडे गेली. ती पेरांवर मोजत नसे. तिच्याकडे बटण दाबायचं छोटं यंत्र होतं. टिक. टिक. वहिनी रुमालाने ट्रे पुसू लागल्या, जो स्वच्छच होता. चार. पाच. टिक. वन्संनी विचारलं, "वहिनी, ट्रेचा रंग घालवायचाय का?" सात. आठ. इथे थांब गं बाई, वहिनी मनात म्हणाल्या. जन्मात एकदा तरी सासूचं ऐक. टिक. नऊ. टिक.

तेरा.

वहिनींनी रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"हे काप माझे नाहीत," वन्सं स्लाइड उजेडात धरून म्हणाल्या. "बघा, कडेला सुरकुती. कुणा हमालाने कापलंय. मेणाचा ठोकळा मागव वहिनी, मी नीट कापून देते."

"मागवते."

"आज शनिवार म्हणून तुझा आवाज असा येतोय, की काही झालंय?"

"शनिवारच," वहिनी म्हणाल्या आणि डबा उघडला.

पहिल्या सहा चिठ्ठ्यांच्या जोड्या बिनबोभाट जुळल्या. सातवीला भाऊजींची चिठ्ठी निघाली: 'ग्रेड दोन. ३+२+२. बिनदिक्कत.' सुनेची निघाली: 'ग्रेड तीन. ३+२+३. शंका नाही.' वहिनींनी दोन्ही सावकाश, स्वच्छ आवाजात वाचल्या. आवाज कुठे हलला नाही याचा त्यांना पुढे बरेच दिवस अभिमान वाटायचा होता.

"तीन?" भाऊजी खुर्चीसकट वळले. "कुठे दिसले तुला?"

"तेरा मोजले, काका. तुम्ही?"

"सात. मरणाऱ्या पेशीही धरल्यास का तू? आकसलेलं केंद्रक दिसलं की दाबलं बटण?"

"मरणारी कुठली आणि दुभंगणारी कुठली, एवढं कळतं मला."

"तुझ्या त्या डब्यात एकाचे दोन दिसत असतील."

"तुमच्या त्यात दोनाचा एक होत असेल. भिंगावर बुरशी आलीय, मी मागच्या वर्षीच सांगितलं होतं."

"बुरशी? माझ्या वडिलांच्या भिंगावर?"

"आजोबांनी ठेवलेली नाही, नंतर आलीय," चिरंजीव बायकोच्या मदतीला धावले आणि लगेच पस्तावले, कारण आत्या त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"तू बोलू नकोस. आजोबांनी त्याच मायक्रोस्कोपवर तुझ्या शाळेच्या रक्तगटापासून सगळं केलंय."

"आत्या, रक्तगटाला मायक्रोस्कोप…"

"उलट बोलतो!"

एरवी वहिनींनी हे भांडण चहा ओतून मिटवलं असतं. आज त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मांडी ठोकून बसल्या. "जरा समजावून सांगा बाई मला," त्या म्हणाल्या. "या पेशंटला पुढे काय?"

सगळे चमकून पाहू लागले. वहिनी पुढचं कधी विचारत नसत.

"माझं बरोबर असेल तर गोळी," भाऊजी म्हणाले. "आणि एकसष्टची म्हातारी आहे, उगाच केमोने झिजवायची कशाला?"

"तुम्ही चौसष्ट ना, भाऊजी?"

"पुरुषांचं वेगळं असतं."

"माझं बरोबर असेल तर केमो," सून म्हणाली. "आणि स्लाइडवरच मोजली, गाठ दोन सेंटिमीटरची आहे, आई. काही महिने तरी अंगावर काढलीच असणार हिने. मला अशा बायकांचा राग येतो. सगळ्या घराची औषधं वेळेवर देतील, आणि स्वतःचं मात्र झाकून ठेवतील."

"झाकलंही नसेल," वहिनी म्हणाल्या. "घरातल्यांनी पाहिलं नसेल."

"मग घरातले आंधळे!" भाऊजी टेबलावर थाप मारून म्हणाले.

"अगदी माझ्या मनातलं बोललात." वहिनींनी दिराकडे अत्यंत प्रेमाने पाहिलं. मग सुनेकडे वळल्या. "आणि समज, ही तुझी सासू असती, तर काय सांगितलं असतंस?"

सुनेच्या गालावर खळी उमटली. "सासू असती तर दोन आला असता तरी केमो दिली असती. सहा महिने तरी काउंटरवरून ओरडण्याचा आवाज बंद."

वन्सं इतक्या जोरात हसल्या की स्टूल करकरलं. भाऊजीही हसले. चिठ्ठ्या सोडल्या तर दुपारभरात पहिल्यांदा त्या दोघांचं सुनेशी एकमत झालं होतं. वहिनीही हसल्या. मनापासून हसल्या, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"थांबा," चिरंजीव कोपऱ्यातून म्हणाले. "माझं मशीन अजून बोललेलं नाही."

"बोलवा ज्योतिषाला," भाऊजींनी हात जोडले. "कुंडली मांडा बाईची."

"काका, कुंडली नाही. मशीन पेशीही पाहतं आणि पेशींच्या आजूबाजूचा भागही. गाठीभोवतीचे तंतू कसे पसरलेत, बचावाच्या पेशी कुठे गोळा झाल्यात. मी हजारो जुन्या स्लाइड त्याला दाखवल्यात, त्या बायकांचं पुढे काय झालं त्यासकट. कित्येकदा गाठीपेक्षा तिचा शेजारच जास्त सांगून जातो."

"शेजाऱ्यांवरून माणसाची पारख?"

"मी काउंटरवर तेच करते की," वहिनी म्हणाल्या. "रिपोर्ट घ्यायला कोण आलंय, किती जण आलेत, कोण दारातच उभं राहतंय. निम्मं तिथेच कळतं."

"बघा, आईला पटलं!"

"तिला आज काहीही पटतंय," वन्सं डोळे बारीक करून म्हणाल्या.

पडद्यावर जांभळा-गुलाबी नकाशा उमटला. वहिनी पहिल्यांदाच तो पाहत होत्या. स्लाइड त्यांनी आयुष्यभर हाताळल्या, पण आत कधी डोकावल्या नव्हत्या. जांभळ्या ठिपक्यांचे पुंजके, मधून गुलाबी प्रवाह. दिसायला वाईट नव्हतं. एखाद्या गालिच्याचं डिझाइन म्हणून खपलं असतं. चिरंजीव आकडे वाचू लागले आणि मध्येच थबकले.

"गंमत आहे. मशीन म्हणतं, एका चौरस मिलिमीटरमध्ये दुभंगणाऱ्या पेशी साडेपाच."

"म्हणजे कुणाच्या बाजूने?" भाऊजी आणि सून एकदमच म्हणाले.

चिरंजीवांनी कागद ओढला. "काका, तुमच्या मायक्रोस्कोपमधून दिसणारं वर्तुळ केवढं?"

"पॉइंट चार मिलिमीटर. तोंडपाठ आहे."

"आणि तुझ्या नव्याचं?"

"पॉइंट पंचावन्न." सून हे म्हणाली आणि तिचा चेहरा बदलला. तिने हात लांब करून आपल्या टेबलावर चिकटवलेला तक्ता ओढून काढला.

चिरंजीव गुणाकार करून वर पाहत म्हणाले, "तुम्ही दोघांनी एकच मोजलंय. काकांचे सात म्हणजे साधारण साडेपाच. हिचे तेरा म्हणजेही साडेपाचच. हिचं वर्तुळ मोठं आहे, दहा वर्तुळांत जवळजवळ दुप्पट जागा येते. मोठं जाळं टाकलं की मासे जास्त येणारच. म्हणून तर प्रत्येक मायक्रोस्कोपचा तक्ता वेगळा असतो. नव्याला तेरा म्हणजे…"

"दोनच गुण," सून हळू म्हणाली. "तीन गुणांना अठरा लागतात. हे मला माहीत आहे. मी स्वतः आकडे काढून पाठवले होते. पण या तक्त्यावर दहालाच तीन लिहिलंय. मी नुसतं तक्त्यात पाहिलं आणि लिहून मोकळी झाले." तिने मान वर केली. "आई, हा तक्ता तुम्ही केलात ना?"

खोलीत सगळी तोंडं वहिनींकडे वळली.

तक्ता वहिनींनी केला होता. बुधवारी. 'आई, काकांच्या टेबलाशी आहे तसा तक्ता माझ्याहीकडे हवा, आकडे फोनवर पाठवलेत,' असं सून म्हणाली होती. फोनमध्ये शोधत बसण्यापेक्षा भिंतीवर सासऱ्यांच्या अक्षरातला तक्ता समोरच होता. त्यांनी त्यावरून सुवाच्य अक्षरात नक्कल उतरवली, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली. या लॅबमध्ये डॉक्टरांनी लिहिलेलं तीनदा तपासत. वहिनींनी लिहिलेलं कुणी कधी तपासलं नव्हतं.

"तक्ता म्हणजे तक्ता, असं मला वाटलं," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे दोन?"

"दोनच," भाऊजी म्हणाले.

"दोन," सून म्हणाली. "सीमेवर वगैरे काही नाही. पक्का दोन. नशीब, बुधवारपासून माझ्याकडे आलेली स्तनाची ही पहिलीच स्लाइड. सॉरी काका."

"मीही बुरशी पुसून घेतो," भाऊजी म्हणाले. त्यांच्या बाजूने एवढं म्हणजे शरणागतीच होती.

"आणि तुझं मशीन शेजाराबद्दल काय म्हणतं?" वहिनींनी मुलाला विचारलं.

"शेजार बरा आहे. अशा शंभर बायकांतल्या एक्क्याण्णव दहा वर्षांनी ठणठणीत."

"आणि नऊ?"

"त्या नऊ कोण, ते मशीन सांगत नाही, आई. कुणीच सांगू शकत नाही."

"हरकत नाही. एक्क्याण्णव पुष्कळ झाल्या." वहिनींनी रुमाल तोंडाला लावला. तेरा टिकटिक ऐकताना त्या मनातून सुनेवर चिडल्या होत्या. आणि त्या तेराला तीन करणारा कागद त्यांच्याच हातचा होता. स्वतःच्या सुवाच्य अक्षरात त्यांनी स्वतःला जवळजवळ केमो लिहून दिली होती! आता मात्र हसू खोकल्यात मावेना. खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि डाव्या बगलेखालचा टाका असा ओढला गेला की त्यांनी "आई गं" म्हणून हात छातीशी धरला.

वन्सं स्टुलावरून उतरल्या. त्यांनी वहिनींचा हात पाहिला, मग ट्रेमधली स्लाइड, मग वहिनींचं तोंड.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुझी बहीण तर तेव्हा तिच्या मुलीकडे गेली होती. फोनवर बोलता बोलता निसटलं होतं तिच्या तोंडून. मी म्हटलं, असेल काहीतरी घोळ."

चिरंजीवांनी खुर्ची वळवली.

"एकसष्टची म्हातारी," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मीच."

मग सगळे एकदम बोलायला लागले. चिरंजीव "मला सांगितलं नाहीस? मला?" असं तीनदा म्हणाले. वन्सं म्हणाल्या की त्यांना पहिल्यापासून शंका होती. आणि त्या हॉस्पिटलातल्या काप काढणाऱ्या हमालाचं नाव पत्ता त्यांना आत्ताच्या आत्ता हवा होता. भाऊजी उठले, ट्रेपाशी आले आणि त्यांनी सातव्या खणाकडे हात नेला.

"द्या जरा. पुन्हा पाहतो."

वहिनींनी ट्रेवर तळहात ठेवला. "नाही, भाऊजी."

"एकदाच. आता नीट पाहतो. कदाचित एकच असेल. नळ्यांना मी तीन गुण धरले, पण कडेला…"

"आता तुम्हाला दिसणार नाही," वहिनी म्हणाल्या. अगदी हलक्या आवाजात, समजूत घालावी तशा.

भाऊजींचा हात हवेतच राहिला. सोळा वर्षांत त्या दोघांमध्ये याहून स्पष्ट बोलणं झालं नव्हतं, आणि याहून जास्त होण्याची गरजही उरली नाही. त्यांनी हात मागे घेतला, खिशात घातला, पुन्हा काढला.

"मघाशी जे पाहिलं ते खरं होतं," ते म्हणाले. "दोन."

"ते मला पुरतं. म्हणून तर नाव झाकलं."

"पण म्हातारी म्हणालो."

"ते मी लक्षात ठेवलंय."

सून या सगळ्यात कुठेच नव्हती. तिची खुर्ची रिकामी होती. वहिनींनी वळून पाहिलं तर ती बाहेर काउंटरच्या आत, त्यांच्याच जागेवर उभी होती, समोर एक कोरा फॉर्म घेऊन. नाकाचा शेंडा लाल होता. वहिनी बाहेर गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, पेशंटच्या बाजूला उभ्या राहिल्या. तिथून काउंटर बराच उंच वाटत होता.

"सर्जनला रिपोर्ट पाठवायचा तर माझी सही लागेल," सून कागदाकडे पाहत म्हणाली. "आणि फॉर्म भरल्याशिवाय सही नाही. पूर्ण नाव?"

"तुला माहीत नाही?"

"पेशंटने स्वतः सांगायचं असतं."

वहिनींनी सांगितलं. सुनेने लिहिलं. वय सांगितलं, तेही लिहिलं. ऑपरेशनची तारीख लिहिताना तिचा पेन जरा थांबला. त्या दिवशी तिने बहिणीकडे गेलेल्या सासूला फोन करून हळदीच्या डागावर काय लावायचं ते विचारलं होतं, आणि सासूने भुलीतून नुकतंच उठून ते सविस्तर सांगितलं होतं.

"मघाशी मी जे म्हणाले," सून म्हणाली, "सासू असती तर…"

"छान होतं ते. मी वन्संना आठवडाभर सांगणार आहे. पुढचं विचार."

सुनेने नाक ओढलं. "त्रास काय होतो?"

हा रकाना वहिनींनी हजारो लोकांना विचारून भरला होता. भराभर सांगा, मागे लाइन आहे, असं दरडावून भरला होता.

"सून छळते," त्या म्हणाल्या.

सुनेने ते लिहिलं नाही आणि ती हसलीही नाही. पेन टेकवून वाट पाहत राहिली.

"हात वर जात नाही," वहिनी म्हणाल्या. "डाव्या कुशीवर झोपता येत नाही." आतून भाऊजींचा आणि चिरंजीवांचा आवाज येत होता. तक्ता आता कुणी लिहायचा यावरून दोघांची जुंपली होती. "आणि रक्त द्यायला येणाऱ्या बायका असतात ना, केमोच्या. हल्ली त्या आल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही. रजिस्टरमध्ये बघते. त्यांना कळतं गं ते."

सुनेने लिहायला घेतलं. रकाना दीड ओळीचा होता, पहिल्याच वाक्यात भरून गेला. तिने फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगा."